रीडओन्ली रकाना तपासायचा कुणी?

(पॉडकास्टच्या ताज्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना येणारे 'म्हणजे' आणि 'अ‍ॅक्च्युअली' शक्य तेवढे गाळलेत, सगळे काही गेले नाहीत. ऐकणाऱ्यांसाठी कोड वाचून दाखवण्यात अर्थ नसतो, म्हणून इथेही तो शब्दांतच सांगितलाय.)

आजचा भाग एका श्रोत्याच्या प्रश्नावर आहे. प्रश्न असा: "आमच्या फॉर्ममध्ये नाव, जन्मतारीख, जिल्हा हे रकाने आधीच भरून येतात आणि ते रीडओन्ली आहेत. युजर त्यांना हात लावू शकत नाही. व्हॅल्यू आमच्याच डेटाबेसमधून आलेली असते. मग त्यांचं व्हॅलिडेशन लिहायचं कशाला? टीम लीड म्हणतात लिही, पण का ते सांगत नाहीत."

मी टीम लीडच्या बाजूने आहे. लिहायलाच हवं. पण 'का' हा प्रश्न अगदी योग्य आहे, कारण हे व्हॅलिडेशन नेहमीच्या पद्धतीने लिहिलं तर उपयोग कमी आणि त्रासच जास्त होतो. साध्या रकान्यात चूक सापडली की आपण युजरला सांगतो, बाबा रे, एवढं नीट भर. रीडओन्ली रकान्यात चूक सापडली तर सांगायचं कुणाला? समोरच्या माणसाच्या हातात काहीच नाही. म्हणून इथे आधी ठरवायचं की ही चूक दुरुस्त करणं कुणाला शक्य आहे, आणि मग ठरवायचं की तपासणी कुठे ठेवायची. बहुतेक टीम हे उलट करतात. सबमिट बटणाच्या मागे सगळे नियम एकत्र टाकतात, आणि मग हेल्पलाइनचा फोन वाजायला लागतो.

ब्राउझर अंग काढून घेतो

सुरुवात ब्राउझरपासून करू, कारण इथली एक गोष्ट पुष्कळ जणांना ठाऊक नसते. एचटीएमएलमध्ये आपण रकान्याला रिक्वायर्ड लावतो, पॅटर्न लावतो, कमीत कमी आणि जास्तीत जास्त आकडा देतो. फॉर्म पाठवताना ब्राउझर हे सगळं स्वतः तपासतो. पण त्याच रकान्याला रीडओन्ली लावलं की ही तपासणी बंद. स्टँडर्डमध्येच तसं लिहिलंय, रीडओन्ली रकाना या तपासणीतून वगळलेला असतो. करून बघा. एक रिकामा टेक्स्ट बॉक्स घ्या, त्याला रिक्वायर्ड आणि रीडओन्ली दोन्ही लावा, सबमिट दाबा. फॉर्म खुशाल जातो. जावास्क्रिप्टमधून विचारलंत की हा रकाना व्हॅलिड आहे का, तर उत्तर 'हो' येतं. सीएसएसमध्ये चुकीच्या रकान्यासाठी लाल बॉर्डर ठेवली असेल तर तीही उमटत नाही.

विचार केला तर ब्राउझरचं बरोबरच आहे. ज्या रकान्यात टाइप करता येत नाही तो 'भरा' असं माणसाला सांगण्यात काय अर्थ? ब्राउझर म्हणतो, हा रकाना युजरचा नाही, डेव्हलपरचा आहे, त्याचं तो बघेल. आणि डेव्हलपरला वाटत असतं की रिक्वायर्ड लिहिलंय म्हणजे ब्राउझर बघेल.

याचा सगळ्यात नेहमीचा बळी म्हणजे तारखेचा रकाना. कॅलेंडर उघडणारं एखादं जुनं प्लगइन असतं. युजरने हाताने 'उद्या' किंवा '३१/२' असलं काही लिहू नये, फक्त कॅलेंडरमधूनच निवडावं, म्हणून कुणीतरी बॉक्स रीडओन्ली करून टाकतो. दिसायला सुबक. पण त्या क्षणी रिक्वायर्ड मेलेलं असतं. कॅलेंडरला हात न लावता पुढे गेलेल्यांचे अर्ज जन्मतारखेशिवाय जमा होतात, आणि हे कळतं ते महिन्याभराने रिपोर्ट काढताना. इथे उपाय दोनच. एक तर ब्राउझरचा स्वतःचा तारीख-प्रकार वापरा, तो बहुतेक ठिकाणी आता चांगला चालतो. नाहीतर रीडओन्ली ठेवून रिकामेपणाची तपासणी स्वतः लिहा, आणि अर्थातच सर्व्हरवरही लिहा.

दुसरा घोटाळा ड्रॉपडाउनचा. सिलेक्टला रीडओन्ली असं काही नसतंच. चेकबॉक्स आणि रेडिओलाही नाही. तिथे ते लिहिलं तर ब्राउझर चक्क दुर्लक्ष करतो. मग लोक डिसेबल्ड करतात. आता डिसेबल्ड आणि रीडओन्लीमध्ये फरक असा, की रीडओन्ली रकान्याची व्हॅल्यू फॉर्मबरोबर सर्व्हरला जाते, डिसेबल्डची जातच नाही. मग सर्व्हर म्हणतो, जिल्हा आला नाही. युजरला पडद्यावर जिल्हा ढळढळीत दिसतोय आणि खाली लिहून येतं 'जिल्हा आवश्यक आहे'. मग कुणीतरी शेजारी एक हिडन रकाना टाकतो आणि त्यात तीच व्हॅल्यू भरतो. झाले दोन जिल्हे, एक दिसणारा आणि एक जाणारा. ते कायम सारखेच राहतील याची खात्री कुणी द्यायची? अशा रकान्यांच्या जोड्या मी इतक्या ठिकाणी पाहिल्यात की नवीन प्रोजेक्ट हातात आला की आधी हेच शोधते.

अँग्युलर वापरणाऱ्यांसाठी एक बाजूची गोष्ट. तिथे रीडओन्ली हा फक्त एचटीएमएलचा गुण आहे, अँग्युलरला त्याचं काही देणंघेणं नाही. त्यामुळे त्याचे व्हॅलिडेटर चालूच राहतात. म्हणजे साध्या फॉर्ममध्ये ब्राउझर गप्प बसतो, आणि अँग्युलरमध्ये उलट युजरला न बदलता येणाऱ्या रकान्यावर लाल एरर येतो. कंट्रोल डिसेबल केला तर व्हॅलिडेशनही जातं आणि फॉर्मच्या व्हॅल्यूमधून तो रकानाही गायब होतो. तो हवा असेल तर 'गेट रॉ व्हॅल्यू' वापरावं लागतं. म्हणून 'आमच्या फ्रेमवर्कमध्ये आपोआप होतं' असं कुणी म्हणालं की विचारा, नक्की काय होतं?

आणखी एक बारीक पण खरी गोष्ट. अक्षरांची कमाल मर्यादा, म्हणजे मॅक्सलेंग्थ, ब्राउझर फक्त माणसाने टाइप केलेल्या मजकुरासाठी तपासतो. आधीच भरून आलेलं ६० अक्षरांचं नाव ५० च्या बॉक्समध्ये आरामात बसतं. बॉक्स रीडओन्ली नसला तरी. ब्राउझर तक्रार करत नाही, सर्व्हर किंवा डेटाबेसचा कॉलम करतो. पूर्ण नावात आई-वडिलांची नावं धरणाऱ्या यंत्रणेतून नाव ओढून आणलं की हे हमखास दिसतं.

पिनकोड टाकला की जिल्हा आपोआप

आता 'आधीच भरून येणं' याचा दुसरा प्रकार. पान उघडताना नाही, तर युजरने एक रकाना भरला की दुसरा आपोआप भरतो. पिनकोडवरून तालुका-जिल्हा-राज्य, आयएफएससीवरून बँक आणि शाखा. आपल्याकडच्या जवळपास प्रत्येक फॉर्ममध्ये हे असतं.

इथे पहिला सापळा असा: स्क्रिप्टने रकान्यात व्हॅल्यू घातली तर ब्राउझर 'इनपुट' किंवा 'चेंज' हा इव्हेंट पाठवत नाही. तुमचं व्हॅलिडेशन त्या इव्हेंटवर लटकलेलं असेल तर त्याला काही कळतच नाही. जिल्हा भरलेला दिसतो, पण मघाचा 'जिल्हा आवश्यक आहे' हा लाल मजकूर तिथेच बसून राहतो. म्हणून भरणाऱ्या कोडनेच भरल्यावर तपासणी बोलवायची.

दुसरा सापळा जास्त घातक आहे. युजर पिनकोड टाकतो, जिल्हा येतो. मग लक्षात येतं की आकडा चुकला, तो पिनकोड बदलतो. नवीन उत्तर यायला वेळ लागला किंवा आलंच नाही, तर जुना जिल्हा तसाच राहतो. दोन्ही रकाने आपापल्या जागी बरोबर आहेत. पिनकोड सहा आकडी, पहिला आकडा शून्य नाही. जिल्हा यादीतला. फक्त ते एकमेकांचे नाहीत. कधी पहिल्या विनंतीचं उत्तर दुसरीच्या नंतर येतं आणि बरोबर जिल्ह्यावर चुकीचा जिल्हा बसतो. म्हणून पिनकोडला हात लागला की जिल्हा लगेच रिकामा करायचा, आणि उत्तर आलं की बघायचं, हे आत्ता दिसणाऱ्या पिनकोडचंच आहे ना. नसेल तर फेकून द्यायचं.

पिनकोडबद्दल एक मजेशीर गोष्ट सांगते. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली आणि ती बसवणारे आपले श्रीराम भिकाजी वेलणकर, केंद्र सरकारातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे कवी. त्यांनी ती टपाल वाटण्यासाठी बसवली होती, जिल्हा ओळखण्यासाठी नाही. महाराष्ट्राचे पिनकोड ४० ते ४४ ने सुरू होतात हे बरोबर, पण ४०३ हे गोवा आहे. 'पहिले दोन आकडे बघून राज्य भरू' असं कुणी लिहिलं तर पणजीचा माणूस महाराष्ट्रात येतो आणि रकाना रीडओन्ली असल्यामुळे बिचारा तिथेच अडकतो. एका पिनकोडात अनेक गावं असतात आणि त्यांचा तालुकाही नेहमी एकच असेल असं नाही. त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे: पिनकोडवरून आलेला तालुका ही सूचना आहे. ती भरून द्या, पण कुलूप लावू नका. जिथे अंदाज आहे तिथे रीडओन्ली नको.

लाल एरर, पण टाइप होत नाही

आता ज्या प्रसंगामुळे हा विषय माझ्या डोक्यात पक्का बसला तो सांगते. विद्यार्थ्यांच्या शुल्कसवलतीच्या एका पोर्टलवर आमची टीम सपोर्टचं काम बघत होती. पोर्टलचं नाव नको. प्रोफाइलमध्ये एकदा भरलेली माहिती, नाव, जिल्हा, उत्पन्नाच्या दाखल्यावरची रक्कम, दरवर्षीच्या अर्जात आपोआप यायची आणि रीडओन्ली असायची. ऑक्टोबर २०२४ मध्ये अहमदनगर जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झालं. पोर्टलच्या मूळ कंपनीने जिल्ह्यांच्या यादीत नवं नाव टाकलं. पण मुलांच्या प्रोफाइलमध्ये जिल्हा हा कोड म्हणून नाही, तर शब्द म्हणून साठवलेला होता. तिथे जुनंच नाव.

एका कॉलेजच्या ऑफिसमधून फोन आला. "मॅडम, जिल्ह्याच्या रकान्याखाली लाल येतंय. 'कृपया योग्य जिल्हा निवडा' म्हणतंय. पण तिथं क्लिकच होत नाही, निवडायचं कसं?"

मी विचारलं, "प्रोफाइलमध्ये जाऊन बदलता येतोय का?"

"तिथं म्हणतंय, अर्ज चालू असताना प्रोफाइल बदलता येणार नाही. आणि शेवटची तारीख शुक्रवार आहे. माझ्यासमोर नऊ पोरं उभी आहेत."

यात व्हॅलिडेशनचा नियम चुकीचा नव्हता. जिल्हा यादीत असावा, हा नियम अगदी योग्य. चुकली होती ती जागा आणि चुकला होता तो माणूस, ज्याला आपण ते सांगत होतो. ही चूक त्या मुलाची नाही, त्याला ती दिसेपर्यंत थांबायचंच नव्हतं. अर्जाचं पान उघडतानाच सर्व्हरने बघायला हवं होतं की प्रोफाइलमधून आलेली प्रत्येक व्हॅल्यू आजच्या नियमांत बसते का. बसत नसेल तर दोन वाटा. जिथे उत्तर यंत्रणेला स्वतःला ठाऊक आहे, म्हणजे जुनं नाव आणि नवं नाव एकाच जिल्ह्याचं, तिथे स्वतः बदलून घ्या. जिथे ठाऊक नाही, तिथे पानाच्या वरच सांगा की ही माहिती अमुक ठिकाणी दुरुस्त करावी लागेल, आणि तिकडे जाणारा चालू रस्ता द्या. त्या आठवड्यात आम्ही जुन्या-नव्या नावांचं एक कोष्टक बसवलं, अर्ज चालू असतानाही दुरुस्तीची विनंती पाठवायची सोय केली आणि एररचा मजकूर बदलला. 'योग्य जिल्हा निवडा' काढून लिहिलं: 'तुमच्या प्रोफाइलमधला जिल्हा सध्याच्या यादीत नाही. अर्ज जतन झाला आहे. दुरुस्तीची विनंती इथून पाठवा.' 'अर्ज जतन झाला आहे' हे चार शब्द लिहिल्यावर हेल्पलाइनचे फोन खूपच शांत झाले.

नावं बदलणं हा काही एकदाच होणारा प्रकार नाही. छत्रपती संभाजीनगर, धाराशिव आहेतच. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर वेगळा झाला, तेव्हा डहाणूच्या माणसाच्या जुन्या रेकॉर्डवर ठाणे लिहिलेलं असणार. आणि हा प्रकार अवघड, कारण 'ठाणे' हा आजही खराच जिल्हा आहे. यादीशी पडताळलं तर पास होतो, तालुक्याशी पडताळलं तरच चूक दिसते.

बँकांच्या बाबतीतही हेच. सिंडिकेट बँक १ एप्रिल २०२० ला कॅनरा बँकेत विलीन झाली आणि तिचे जुने आयएफएससी कोड १ जुलै २०२१ पासून बंद झाले. प्रोफाइलमध्ये पडून राहिलेला जुना कोड रचनेने अगदी निर्दोष आहे. अकरा अक्षरं, पहिली चार बँकेची, पाचवं शून्य, पुढची सहा शाखेची. तुमचा पॅटर्न त्याला आनंदाने पास करणार. साठवला तेव्हा तो बरोबर होता. पण पैसे पाठवायला गेलात की परत येणार. आधीच भरून आलेल्या रकान्यात रचना तपासून फारसं हाती लागत नाही. ती कुणीतरी आधी तपासलेलीच असते. हे अजून खरं आहे का, असं विचारावं लागतं.

नावाच्या बाबतीत मात्र उलट. तिथे स्रोत बरोबर असतो आणि आपला नियम चुकलेला असतो. वसईच्या डिसोझा किंवा डिमेलो आडनावाच्या माणसाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये वरचा स्वल्पविराम असतो. कुणाला आडनावच नसतं. दहावीच्या मार्कलिस्टवर आडनाव आधी, आधारवर बहुधा शेवटी. तुमच्या पॅटर्नमध्ये फक्त अक्षरं आणि स्पेस असेल, तर सरकारी कागदावरून आलेलं माणसाचं खरं नाव तुमचा फॉर्म 'अवैध' म्हणून नाकारतो, आणि रीडओन्ली असल्यामुळे त्याला खोटं नाव लिहून सुटताही येत नाही. बाहेरच्या अधिकृत स्रोताकडून आलेल्या नावावर स्वतःचा पॅटर्न चालवू नका. ते जसं आलं तसं साठवता येईल एवढीच काळजी घ्या.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेली युक्ती

याच प्रकरणाचा दुसरा अर्धा भाग जास्त गंभीर आहे. आमचं काम चालू असताना सपोर्टमधल्या एकाने कुठल्याशा ग्रुपवर फिरत असलेला मेसेज दाखवला. त्यात पायऱ्या होत्या: जिल्ह्याच्या रकान्यावर राइट क्लिक करा, इन्स्पेक्ट करा, 'रीडओन्ली' हा शब्द डबल क्लिक करून खोडा, आता टाइप होईल, अहिल्यानगर लिहा, सबमिट करा. कुणाच्या तरी कॉम्प्युटर शिकणाऱ्या भाच्याने शोधलं असणार. आणि अर्ज जात होते!

पहिली प्रतिक्रिया हसण्याची होती. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की उत्पन्नाचा रकानाही तसाच रीडओन्ली आहे. सवलत उत्पन्नावर ठरते. सर्व्हर जिल्हा स्वीकारत असेल तर उत्पन्नही स्वीकारणारच. तसंच होतं. अडकलेल्या प्रामाणिक माणसाने जे दार शोधलं, तेच दार अप्रामाणिक माणसालाही उघडं होतं.

रीडओन्ली हा पडद्यावरचा शिष्टाचार आहे. ब्राउझर युजरच्या मशीनवर चालतो, त्यातलं सगळं युजरचं. इन्स्पेक्टसुद्धा लागत नाही, हवी ती व्हॅल्यू घालून सरळ विनंती पाठवता येते. या चुकीला स्वतःचा नंबरसुद्धा आहे. कमकुवतपणांच्या जागतिक यादीत सीडब्ल्यूई-४७२ म्हणजे हीच: बदलणार नाही असं गृहीत धरलेला, पण बाहेरून बदलता येणारा पॅरामीटर. १९९० च्या दशकाच्या शेवटी ऑनलाइन दुकानांच्या कार्टमध्ये वस्तूची किंमत हिडन रकान्यात ठेवायचे आणि लोक ती बदलून खरेदी करायचे, तेव्हापासूनचा हा प्रकार आहे.

मग सर्व्हरवर काय करायचं? पुष्कळ जण म्हणतात, आलेली व्हॅल्यू डेटाबेसशी जुळते का बघायचं. ठीक आहे, पण मी त्याआधी एक साधा प्रश्न विचारीन: ती वाचायचीच कशाला? सर्व्हरला युजर कोण ते सेशनवरून कळतं, त्याचं उत्पन्न डेटाबेसमध्ये आहे. तिथून घ्या. विनंतीतून उत्पन्न आलं तरी त्याकडे बघू नका. जँगोमध्ये १.९ पासून हे तयार मिळतं. फॉर्मच्या फील्डला डिसेबल्ड केलं की बाहेरून काहीही आलं तरी जँगो मूळ व्हॅल्यूच धरतो. लक्षात घ्या, विजेटला नुसतं रीडओन्ली लावून हे मिळत नाही, दिसायला दोन्ही सारखंच. एएसपी डॉट नेटच्या जुन्या वेबफॉर्म्समध्येही २.० पासून रीडओन्ली टेक्स्टबॉक्सची परत आलेली व्हॅल्यू सर्व्हर वाचत नसे. लोकांना तो बग वाटायचा, कारण स्क्रिप्टने भरलेली तारीख सर्व्हरला मिळेना. मग सगळीकडे एक युक्ती पसरली, रीडओन्ली हा गुण कोडमधून वेगळ्या मार्गाने लावायचा म्हणजे व्हॅल्यू पोहोचते. पोहोचायची खरी, पण तिच्यासोबतचं संरक्षणही जायचं, ते फारसं कुणी सांगत नसे.

आणि फॉर्मवर नसलेल्या रकान्यांचं काय? मार्च २०१२ मध्ये इगोर होमाकोव्ह या प्रोग्रामरने गिटहबच्या पब्लिक की बदलण्याच्या फॉर्ममध्ये नसलेला एक पॅरामीटर जोडला आणि स्वतःची की रेल्स प्रोजेक्टच्या खात्यावर चढवली. सर्व्हर आलेली प्रत्येक गोष्ट नावानुसार ऑब्जेक्टमध्ये भरत होता. नंतर २०१३ मध्ये आलेल्या रेल्स ४ मध्ये कुठले पॅरामीटर स्वीकारायचे ते डेव्हलपरने उघडपणे लिहायचं, ही पद्धत मुळातच बसवली गेली. तुमच्या एपीआयमध्येही हेच करा. बदलण्याजोग्या रकान्यांची यादी सर्व्हरवर लिहा, बाकीचं सगळं बाहेर.

एक अपवाद मात्र आहे आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. समजा पडद्यावर 'भरायची फी १,२०० रुपये' असं रीडओन्ली दिसतंय. माणूस चहा प्यायला गेला, तेवढ्यात कुणीतरी दर बदलला, आता डेटाबेसमध्ये १,५०० आहे. परत येऊन त्याने 'मान्य आहे' दाबलं. सर्व्हरने पडद्यावरची व्हॅल्यू न बघता डेटाबेसमधून १,५०० घेतले तर सुरक्षेच्या दृष्टीने सगळं छान, पण त्या माणसाने १,२०० ला होकार दिला होता. इथे पडद्यावरची व्हॅल्यू परत पाठवाच. हिशेबासाठी वापरू नका, फक्त तुलनेसाठी वापरा. फरक दिसला तर थांबा आणि सांगा, 'फी बदलली आहे, आधी १,२०० होती, आता १,५०० आहे, पुढे जायचं का?' रक्कम नसेल तर रेकॉर्डचा आवृत्ती क्रमांक पाठवला तरी चालतं. आणि कोटेशनसारखं, काही तासांसाठी दिलेला दर पाळायचाच असेल, तर तो मुदतीसकट सर्व्हरच्या गुप्त कीने सही करून पाठवा. परत आल्यावर सही जुळली तर तो आपणच दिलेला दर आहे हे कळतं.

बॉक्सच नको

एवढं सगळं ऐकून श्रोत्याला वाटेल की एका करड्या बॉक्ससाठी केवढं हे. म्हणून माझा आवडता उपाय सांगते: बॉक्स काढून टाका. जी माहिती या पानावर कधीच बदलता येणार नाही, ती साध्या मजकुरात लिहा. 'जिल्हा: अहिल्यानगर', बाजूला 'चुकीचं आहे?' अशी लिंक. बॉक्स दिसला की माणूस त्यात क्लिक करणारच, आणि करडा बॉक्स उन्हात मोबाइलवर धड वाचताही येत नाही. डिसेबल्ड रकान्यावर तर टॅबने जाताच येत नाही, त्यामुळे कीबोर्ड किंवा स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला त्याच्याखालचा एरर कळायची पंचाईत. रीडओन्लीवर निदान फोकस जातो. एररच्या सारांशातून रकान्यावर नेणारी लिंक देत असाल तर हे नक्की तपासा.

क्लायंटला बॉक्सच हवे असतात, हे मला माहीत आहे. कागदी फॉर्मसारखं दिसलं पाहिजे म्हणतात. मग रीडओन्ली ठेवा, डिसेबल्ड नको, आणि वर सांगितलेली सर्व्हरची बाजू पक्की करा.

टेस्टिंगसाठी तीन गोष्टी मी दर वेळी करून बघते. रीडओन्ली रकान्याची व्हॅल्यू बदलून विनंती पाठवायची आणि डेटाबेसमध्ये काय पडलं ते बघायचं. तो रकाना विनंतीतून पूर्ण वगळून पाठवायची. पुष्कळदा इथेच सर्व्हर कोसळतो किंवा चांगली व्हॅल्यू पुसून तिथे रिकामी ठेवतो. आणि पाच-सहा वर्षं जुनं, आजच्या नियमांत न बसणारं एक रेकॉर्ड टेस्ट डेटामध्ये ठेवायचं, त्याने फॉर्म उघडायचा आणि बघायचं, की माउस आणि कीबोर्ड एवढ्यावर, कुणाला फोन न करता, मला अर्ज पूर्ण करता येतो का. टेस्ट डेटा नेहमी नवाकोरा असतो, त्यामुळे हा तिसरा प्रकार लाइव्ह होईपर्यंत कुणाला भेटत नाही.

पुढच्या भागात फाइल अपलोडबद्दल बोलू. 'फोटो ५० केबीपेक्षा कमी हवा' हा नियम कुठून येतो आणि तो ब्राउझरमध्येच कसा पाळून देता येतो, यावर. प्रश्न पाठवत राहा, भेटू.